आठ प्लग

मागच्या महिन्यात भाचीने फोनवर विचारलं, "मामा, आजोबा विमानं दुरुस्त करायचे ना? म्हणजे एअर इंडियाची?" मी म्हटलं, नाही गं, छोटी विमानं. तिला 'छोटी' म्हणजे पंधरा-वीस माणसांची वाटली असावीत. दोन माणसांची, पुढे एक पंखा, कापडाने मढवलेली, चार माणसांनी ढकलून हँगरमध्ये घालायची विमानं असतात आणि ती एखाद्या माणसाच्या स्वतःच्या मालकीची असू शकतात, हे तिला पटेपर्यंत फोनची बॅटरी संपत आली. तेव्हा ठरवलं, एकदा सविस्तर लिहूनच काढू. घरच्या मंडळींसाठी आणि इथे नेमाने येणाऱ्या दोस्तांसाठीही.

विमानांचा इतिहास वाचताना आपल्याला बहुतेक वेळा वैमानिक भेटतात. कोण किती उंच गेला, कोण एकटा समुद्र ओलांडून गेला. बाबा जुहूला छोट्या विमानांची देखभाल करायचे, त्यामुळे मला हा इतिहास जरा उलट्या बाजूने, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालून वाचायची सवय लागली. तसा वाचला की लक्षात येतं, सामान्य माणसाला विमान मिळालं ते कुणी पंखाची नवी जादू शोधली म्हणून नव्हे. सांभाळता येईल असं इंजिन मिळालं, म्हणून.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये लढाईतून उरलेल्या विमानांचा आणि इंजिनांचा ढीग पडला होता. ती घेऊन हौस भागवणारे होते, पण लढाऊ विमान घरी पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. मग दुसरं टोक गाठलं गेलं. १९२३ साली लिंप्ने इथे हलक्या विमानांच्या चाचण्या झाल्या, त्यात मोटरसायकलची इंजिनं लावलेली इवलीशी विमानं उतरली. जेफ्री द हॅविलंड यांच्या कंपनीचं 'हमिंग बर्ड' त्यातलंच. स्वस्त होतं, उडतही होतं, पण समोरून जरा जोराचा वारा आला की बिचाऱ्याची दमछाक. द हॅविलंडनी त्यातून एक धडा घेतला: विमान लहान चालेल, इंजिन मरतुकडं चालणार नाही.

आता इंजिन आणायचं कुठून? नवीन बनवायचं तर खर्च डोक्यावरून जाणारा. फ्रँक हॅलफर्ड नावाच्या इंजिनिअरने अस्सल जुन्या बाजारातली युक्ती केली. युद्धातून उरलेली आठ सिलिंडरची रेनॉ इंजिनं पडून होती. त्याने त्यातला अर्धा भाग घेतला, चार सिलिंडर एका ओळीत ठेवली, त्याखाली नवीन क्रँककेस बनवली आणि साधारण साठ हॉर्सपॉवरचं 'सिरस' इंजिन तयार झालं. आपल्याकडे जुन्या साडीची गोधडी करतात ना, तसाच प्रकार! हे इंजिन बसवलेलं विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी स्टॅग लेनच्या मैदानावरून उडालं. चालवत होते खुद्द द हॅविलंड. त्यांना पतंग-फुलपाखरांचा नाद होता. या विमानाचे पंख मागे मिटता यायचे, पतंगासारखे, म्हणून नाव ठेवलं 'मॉथ'.

हे पंख मिटणं दिसायला गंमत, पण त्यामागे पक्का हिशोब होता. विमान घेणाऱ्याचा पहिला प्रश्न 'उडवू कसं' हा नसतो, 'ठेवू कुठे' हा असतो. पंख मिटले की मॉथ मोठ्याशा गॅरेजमध्ये मावायचं आणि मोटारीमागे बांधून रस्त्याने नेता यायचं. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने फ्लाइंग क्लबांना मदत देणं सुरू केलं आणि क्लबांनी मॉथ घेतली.

एवढी घेतली की जुनी रेनॉ इंजिनं संपत आली. मग कंपनीने स्वतःचं 'जिप्सी' इंजिन बनवलं आणि त्यातून 'जिप्सी मॉथ' आलं. किंमत साधारण साडेसहाशे पौंड. तेव्हा रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स होता, म्हणजे आपल्याकडचे साडेआठ हजारांहून जास्त रुपये. त्या काळी एवढे पैसे बघितलेली माणसं आपल्या नात्यात तरी नव्हती. पण राजेरजवाडे आणि गिरणीमालकांपुरता असलेला हा शौक डॉक्टर-वकिलांच्या निदान स्वप्नात येऊ लागला.

याच इंजिनाची एक कथा बाबा फार रंगवून सांगायचे. १९२८ च्या अखेरीला कंपनीने एक जिप्सी इंजिन सील करून विमानात बसवलं. आत कुणी हात घालायचा नाही, फक्त तेल-पेट्रोल आणि वरवरची निगा. पुढचे नऊ महिने ते विमान सहाशे तास उडवलं, मग सील तोडून इंजिन उघडलं. बदलाव्या लागलेल्या भागांचा खर्च सात पौंड आणि काही शिलिंग! कुणी शर्यत जिंकली नव्हती की कुठला समुद्र ओलांडला नव्हता. पण ज्याला विमान पोसायचंय त्याच्यासाठी कुठल्याही विक्रमापेक्षा ही बातमी मोठी होती. "घेताना किंमत एकदाच विचारतात," बाबा म्हणायचे, "नंतर दर महिन्याला इंजिन विचारतं."

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, पुढे लागणार आहे. जिप्सीला चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकूण आठ. मोटारीला तेव्हा एकेकच असायचा. विमानात दोन मॅग्नेटो असतात, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारी दोन स्वतंत्र यंत्रं. एक मॅग्नेटो चार प्लगांना ठिणगी देतं, दुसरं उरलेल्या चारांना. एक बाजू पूर्ण गेली तरी दुसरीवर इंजिन चालतं. उडण्याआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात, तेवढं चालतं. जास्त पडले तर समजायचं, कुठेतरी गडबड आहे. मोटार बंद पडली तर बाजूला घेता येते, वर बाजूला घ्यायला रस्ता नसतो. म्हणून ही चैन.

मॉथ आपल्याकडे लगेचच आलं. १९२८-२९ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्त्याला सरकारी मदतीवर फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला. तिथेच शिकून जेआरडी टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी लायसन्स मिळवलं, भारतात दिलं गेलेलं पहिलं. त्याच वर्षी आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, ठरलेल्या मुदतीत एकट्याने उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तिघे उतरले: मनमोहन सिंग, जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर. तिघांकडे जिप्सी मॉथ. मनमोहन सिंगांनी प्रवास पुरा केला, पण मुदत हुकली. अस्पी तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. आर. एन. चावलांबरोबर तो कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता आणि आता तिथून एकटा परत येत होता. जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट्या दिशेने निघाले.

दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीरच्या विमानतळावर. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याला स्पार्क प्लग हवे होते आणि जादा प्लग त्याच्याजवळ नव्हते. जेआरडींजवळ होते. त्यांनी आपल्यातले काढून प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं, कारण पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा होता तो जेआरडींना. अस्पी ११ मे रोजी कराचीला पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं. जेआरडी थोडक्यात मागे पडले. पुढे अस्पी हवाई दलात गेले आणि १९६० साली हवाई दलप्रमुख झाले.

ही गोष्ट नेहमी जेआरडींच्या दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच तशी. पण आमच्या घरी ती वेगळी सांगितली जायची. बाबांचा मुद्दा असा की, दिलदारपणा करायला आधी खिशात प्लग असावे लागतात! जेआरडींनी निघताना सामानात जादा प्लग ठेवले. हजारो मैलांच्या प्रवासात हलक्या विमानात किलो-किलोचा हिशोब असतो, त्यात त्यांनी प्लगांना जागा दिली. बाबांच्या लेखी ते तिथेच पास झाले होते.

त्याच आठवड्यात, ५ मे १९३० रोजी, क्रॉयडनहून आणखी एक जिप्सी मॉथ निघालं होतं. त्यात होती एमी जॉन्सन, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी जाणारी पहिली स्त्री. तिचं विमान 'जेसन' सेकंडहँड होतं, सहाशे पौंडांचं, अर्धे पैसे वडिलांचे आणि अर्धे लॉर्ड वेकफिल्ड या तेल-व्यापाऱ्याचे. उड्डाणाचा अनुभव शंभर तासांचाही नव्हता, त्यामुळे तिला वेडी म्हणणारे पुष्कळ होते. पण त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटत होती. लंडनच्या क्लबात ती शिकली ती नुसतं उडवायला नाही. हँगरमध्ये मेकॅनिकांबरोबर कपडे काळे करून तिने इंजिनाचं काम शिकून घेतलं आणि १९२९ च्या अखेरीला ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री. एकटी निघाली, पण विमानात वैमानिक आणि मेकॅनिक दोघेही होते म्हणा ना.

१० मेला ती कराचीला पोचली, म्हणजे अस्पीच्या आदल्या दिवशी. तिथून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीच्या लष्करी परेड मैदानावर उतरावं लागलं. रंगूनजवळ इनसीनला तर एका संस्थेच्या खेळाच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं. पंख फाटला, पंखा तुटला. जादा पंखा तिने विमानाला बांधूनच आणला होता. फाटलेल्या पंखाला मात्र कापड हवं होतं. तेव्हा कळलं की तिथे काही जणांचे शर्ट युद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचेच शिवलेले आहेत! त्या शर्टांनी पंख मढवला गेला आणि २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. 'जेसन' आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे.

मग प्रश्न येतो, एवढं सोपं विमान होतं तर मोटारीसारखं घरोघर का झालं नाही? याचं उत्तर मला हँगरमध्ये बघायला मिळालं. मोटार बिघडेपर्यंत चालवता येते. विमान बिघडायच्या आधी उघडावं लागतं. इतक्या तासांनी ही तपासणी, तितक्या तासांनी ती, दर वर्षी उड्डाणयोग्यतेच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण. उडा वा न उडा, हँगरचं भाडं चालू. कापड उन्हाने सडतं, त्याला डोप चढवावा लागतो, म्हणजे कापड ताणून धरणारं एक उग्र वासाचं रोगण. विमान नुसतं उभं राहिलं तर इंजिन आतून गंजतं. म्हणून खूप लोकांनी एकट्याने विमान घेण्याऐवजी क्लब केले, भागीदाऱ्या केल्या. एकट्याला विमान घ्यायला परवडेल, ठेवायला परवडेलच असं नाही.

बाबा १९५० च्या दशकात हेल्पर म्हणून लागले तेव्हा क्लबांमध्ये 'टायगर मॉथ' होती, या मॉथचीच धाकटी बहीण. पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. खालचा माणूस ओरडणार "स्विचेस ऑफ", वरचा तेच परत म्हणणार, मग "कॉन्टॅक्ट!" आणि एक झटका देऊन मागे सरायचं. हात राहिला तर राहिला. पुढे रात्री अभ्यास करून बाबांनी लायसन्स काढलं. तोवर क्लबांना 'पुष्पक' मिळू लागली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेलं हे दोन आसनी विमान १९५८ साली प्रथम उडालं. सांगाडा देशी, पण इंजिन अमेरिकन. चार सिलिंडर आणि पुन्हा आठच प्लग. शनिवारी मी डबा घेऊन जायचो तेव्हा बाबा ते आठही ओळीने मांडून फीलर गेजने फटी मोजत बसलेले असायचे. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे चुकायचं नाही, कारण प्लगाच्या तोंडावरच्या काजळीवरून त्या सिलिंडरची तब्येत कळते. वैद्याने जीभ बघावी तसं.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. आईशिवाय फारशी कुणाला माहीत नव्हती.

जुहूला एका शेठजींचं स्वतःचं विमान होतं. नाव लिहीत नाही. रविवारी त्याची देखभाल बाबा करायचे, क्लबच्या पगारावर वरकमाई म्हणून. एका रविवारी शेठजींना पुण्याला जायचं होतं, बरोबर पाहुणे होते. बाबांनी इंजिन तापवून मॅग्नेटो तपासलं तर एका बाजूला फेरे जास्तच पडत होते. प्लग काढले. एकाचं चिनीमातीचं अंग तडकलेलं. बदलायला दुसरा नव्हता. तो परकीय चलनाच्या टंचाईचा काळ, इम्पोर्ट लायसन्सवर सुट्टे भाग यायला महिने लागायचे. शेठजी म्हणाले, "अहो, आठातले सात चालू आहेत ना?" हिशोबाने ते बरोबरच होतं. सातांवर विमान बहुधा पुण्याला पोचलं असतं. बाबा म्हणाले, "शेठ, दुसरा प्लग आहे तो पहिला गेला तर म्हणून. इथे पहिला जमिनीवरच गेलाय." मध्ये बोरघाट. तिथे इंजिनाने मान टाकली तर उतरायला सपाट जागा नाही.

बाबांनी सही केली नाही. पाहुण्यांसमोर शेठजी वाट्टेल ते बोलले. विमान तीन आठवड्यांनी नवा प्लग घालून उडालं, पण बाबांचं रविवारचं काम गेलं ते गेलंच. त्या टर्मला ताईची कॉलेजची फी दादाकाकांनी भरली. काकांच्या मुलांना हे बहुधा ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. काकांनी ते पैसे कधी परत घेतले नाहीत.

बाबांचं बरोबर होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. कोणी मेलं नाही, विमान पडलं नाही. लॉगबुकात त्या दिवशी उड्डाणाची ओळच नाही. मॉथचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला अशा न लिहिलेल्या ओळी आठवत राहतात. एमीची नोंद होते, अस्पीची होते. सकाळी कुणीतरी प्लग बघून "आज नको" म्हटलं, त्याची नोंद करायची तरी कुठे?

आणि मालकीचं म्हणाल तर, मालक येतात आणि जातात. इंग्लंडमध्ये रिचर्ड शटलवर्थ नावाच्या तरुणाने १९३२ साली एक जुनं मॉथ घेतलं, त्यावरच तो उडायला शिकला. १९४० साली हवाई दलात असताना तो अपघातात गेला. त्याचं ते मॉथ ओल्ड वॉर्डनच्या त्याच मैदानावर पुढे कित्येक दशकं उडत राहिलं. मालक उरला नव्हता, काळजी घेणारे हात उरले होते.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जेआरडी जुहूला उतरले तेव्हा बाबा आणि मी गर्दीत होतो. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी 'पुस मॉथ'मधून कराचीहून टपाल आणलं होतं, त्याची आठवण म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते कराची-अहमदाबाद-मुंबई पुन्हा एकटे उडत आले. विमान होतं १९३० च्या दशकातलं 'लेपर्ड मॉथ'. लोक जेआरडींना बघायला माना उंचावत होते. बाबा मात्र डोळे मिटून इंजिन ऐकत होते. ते बंद झाल्यावर म्हणाले, "छान ठेवलंय कुणीतरी." बस्स, एवढंच.

असो. बरंच लांबलं. टायगर मॉथपुढे उभे असलेल्या बाबांचा एक फोटो चुलत भावंडांपैकी कुणाकडे तरी नक्की आहे. सापडला तर स्कॅन करून पाठवा, इथे लावतो. भाचीलाही दाखवायचाय.